आम्ही ब्रेकर दुरुस्त करतो

पोकलेन सगळ्यांनी पाहिलेले असते. त्याच्या हाताला बादलीऐवजी लावलेला ब्रेकरही पाहिलेला असतो. निदान त्याचा आवाज तरी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. कोणाच्या घराचा पाया, कोणाची विहीर, कुठे रस्त्याचे रुंदीकरण. धडधड सुरू झाली की मोहल्ल्यातली तान्ही बाळे दचकून उठतात आणि म्हातारी माणसे खिडक्या लावून घेतात. पण हे यंत्र बिघडते, आणि बिघडल्यावर कोणीतरी ते उघडून, धुऊन, पुन्हा जोडते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते काम आमच्या घरात चालते.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरले भाईजान शेड सांभाळतात. धाकटा उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवतो, बी.एड. आहे, आणि शाळा सुटल्यावर व सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये हिशेब लिहितो, इंग्रजी माहितीपुस्तके वाचून दाखवतो, सुटे भाग मागवतो. हा लेख धाकट्याने लिहिला असला तरी त्यातले ज्ञान थोरल्याचे आहे. म्हणून येथे 'मी' लिहिणे आम्हाला बरोबर वाटले नाही.

अब्बा मूळचे मिरजेकडचे. १९९० नंतर कोकण रेल्वेचे काम सुरू झाले तेव्हा कॉम्प्रेसरवर मजूर म्हणून ते इकडे आले. हवेवर चालणारा जॅकहॅमर खांद्याला आणि पोटाला टेकवून त्यांनी कातळ फोडला. १९९८ साली रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, बरोबरची माणसे परत गेली, अब्बा चिपळुणात राहिले. दगडाचे ज्ञान त्यांना वडार समाजातल्या जुन्या माणसांकडून मिळाले होते. ती माणसे सुतकी आणि पहार घेऊन दगडाभोवती फिरत, त्याला हात लावून पाहत, मगच घाव घालत. अब्बा आम्हाला सांगत, "पत्थर कू मारने का नै, उसकी शीर ढूंडने की." पुढे पोकलेनवरचे ब्रेकर आले आणि त्या माणसांचे काम गेले. आमची रोजी ज्या यंत्रावर चालते त्याच यंत्राने अब्बांच्या उस्तादांची रोजी घेतली, हे आम्ही विसरत नाही.

हे यंत्र तसे फार जुने नाही. पोकलेनच्या तेलाच्या दाबावर चालणारा पहिला ब्रेकर जर्मनीतल्या क्रुप्प कंपनीने १९६७ साली बाजारात आणला. नंतर फिनलंड, जपान, कोरिया येथल्या कंपन्याही त्यात उतरल्या. आमच्या शेडमध्ये येणारा माल बहुतेक कोरियन किंवा त्याच्या नकलेवर बनवलेला असतो. वीस-बावीस टनांच्या पोकलेनला जो ब्रेकर लागतो त्याचे वजन साधारण दीड ते दोन टन. छिन्नी १३५ ते १४० मिलिमीटर जाडीची. मिनिटाला साडेतीनशे ते पाचशे ठोके. आत एक पोलादी पिस्टन असतो. तेलाचा दाब त्याला वर उचलतो. वर डोक्यात नायट्रोजन वायू कोंडलेला असतो, तो दाबला जातो. मग व्हॉल्व्ह फिरतो, दाबलेला वायू आणि तेल मिळून पिस्टनला खाली फेकतात आणि तो छिन्नीच्या माथ्यावर आदळतो. बस, इतकेच. बाकी सगळा कारभार या आदळण्यापासून यंत्राला वाचवण्याचा आहे. चार लांब बोल्ट वरपासून खालपर्यंत सगळे भाग आवळून धरतात. छिन्नी सरळ राहावी म्हणून बुश, ती खाली पडू नये म्हणून पिना, तेल बाहेर येऊ नये म्हणून सील.

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट केसापेक्षाही बारीक असते. त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो म्हणून लोखंड लोखंडाला लागत नाही. साइटवर ब्रेकर काढून बादली लावताना होज पाइपांची तोंडे उघडी टाकली, त्यात खडीची धूळ गेली, की ती धूळ तेलाबरोबर थेट त्या फटीत पोहोचते. पिस्टनवर उभे ओरखडे पडतात. हलका ओरखडा भाईजान तेल लावलेल्या बारीक दगडाने घासून काढतात. नखाला अडकेल इतका खोल असेल तर मालकाला फोन करावा लागतो, आणि तो फोन धाकट्याला करायला लावतात, कारण मास्तर नम्रपणे बोलतो म्हणे. खरे कारण असे की पिस्टनची किंमत सांगितल्यावर जे ऐकावे लागते ते भाईजानना ऐकायचे नसते.

चिपळूणच्या आसपास वर सडा आहे तो जांभ्याचा, आणि त्याच्याखाली काळा दगड. जांभ्याला ब्रेकर लागतोच असे नाही, लागला तरी छिन्नी आत घुसते आणि रुतते. ऑपरेटर मग ती काढण्यासाठी हात डावी-उजवीकडे हलवतो. काळ्या दगडात उलटे. छिन्नी घुसत नाही, ऑपरेटर एकाच जागी मिनिट-मिनिट ठोकत राहतो. तोंड लाल होऊन मऊ पडते आणि छिन्नी वितळलेल्या मेणबत्तीसारखी बोथट होते. पंधरा-वीस सेकंदांत, फार तर अर्ध्या मिनिटात दगड फुटला नाही तर जागा बदलायची, कडेकडेने यायचे, मधोमध बसायचे नाही. अब्बांची शीर शोधण्याची गोष्ट ती हीच.

मोडलेली छिन्नी शेडमध्ये आली की भाईजान आधी तिचा तुटलेला चेहरा पाहतात. शिंपल्यावर जशा एकापुढे एक वळलेल्या रेषा असतात तशा रेषा दिसल्या, आणि त्या एका कडेपासून सुरू झालेल्या असल्या, की ते ऑपरेटरकडे बघून फक्त हसतात. याचा अर्थ छिन्नीचा उपयोग पहारीसारखा केला आहे. दगड उलथण्यासाठी तिच्यावर वाकडा जोर दिला आहे. एका कडेला बारीक चीर पडली, ठोक्यागणिक पुढे सरकली आणि एक दिवस तुकडा पडला. ऑपरेटर शपथेवर सांगतो की माल खराब होता. कधी कधी माल खरेच खराब असतो. पण लोखंडावर लिहिलेले वाचता येणाऱ्या माणसापुढे शपथ खाऊ नये.

ग्रीसचे प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगायला हवे, कारण आमच्याकडे येणारे निम्मे दुखणे ग्रीसचे असते. छिन्नी आणि बुश यांच्यात दर दोन तासांनी ग्रीस गेले पाहिजे. तेही साधे नव्हे. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस त्या उष्णतेत पाण्यासारखे पातळ होऊन गळून जाते. ब्रेकरसाठी तांबे आणि ग्रॅफाइट मिसळलेली घट्ट पेस्ट मिळते. आणि भरण्याची पद्धतही ठरलेली आहे. ब्रेकर उभा धरायचा, छिन्नी जमिनीवर टेकवून आत पूर्ण दाबायची, मग ग्रीस मारायचे. हेल्पर काय करतो? ब्रेकर हवेत लटकत असतानाच गन लावतो. तेव्हा छिन्नी खाली घसरलेली असते, तिच्या आणि पिस्टनच्या मध्ये पोकळी असते, सगळे ग्रीस त्या पोकळीत जाऊन बसते. काम सुरू झाले की पिस्टन छिन्नीऐवजी ग्रीसच्या गोळ्यावर आदळतो आणि तो दाब वर जाऊन सील फाडतो. म्हणजे ग्रीस न दिल्याने बुश जातो आणि चुकीचे दिल्याने सील. हेल्परला दोन्ही वेळा शिव्या बसतात, आणि त्याला हे कोणी कधी समजावलेले नसते.

माहितीपुस्तकात हे सगळे चित्रांसकट छापलेले आहे. इंग्रजीत. ते पुस्तक मालकाच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बिलाबरोबर असते. ज्याच्या हातात ग्रीस गन असते तो झारखंडचा नाहीतर बिहारचा, किंवा आमच्याच तालुक्यातला दहावी पास-नापास मुलगा. म्हणून धाकट्याने एक तक्ता तयार केला. एका बाजूला हिंदी, एका बाजूला मराठी, मध्ये उर्दू. दहा ओळी. रोज सकाळी बोल्ट बघा. दोन तासांनी ग्रीस, छिन्नी दाबून. दगड फुटल्यावर ठोका थांबवा, हवेत मारू नका. पाण्याखाली चालवू नका. पाइप काढल्यावर तोंडाला टोपी. लिहिताना असे ध्यानात आले की उर्दूत 'बुश'ला शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. मुले बुशच म्हणतात, तर बुशच लिहावे. शाळेत आम्ही उर्दूच्या शुद्धतेचा आग्रह धरतो. शेडमधल्या तक्त्यात धरला नाही. हा तक्ता आता पाच-सहा साइटींवर पोकलेनच्या केबिनमध्ये चिकटवलेला आहे. एका ठिकाणी त्यावर चहाचे हिशेब लिहिलेले आढळले, पण ग्रीस मात्र वेळेवर जात होते.

आता नायट्रोजनविषयी. ब्रेकरच्या डोक्यातला वायू कमी झाला तर ठोका पोकळ होतो, जास्त झाला तर पिस्टन वर उचललाच जात नाही आणि यंत्र गप्प बसते. मॉडेलप्रमाणे आकडा ठरलेला असतो, तो गेजवर पाहून भरायचा, आणि यंत्र थंड असताना. गरम यंत्रात दाब वाढलेलाच दिसतो. बाजूला अ‍ॅक्युम्युलेटर असतो, त्यात रबरी पडद्यामागे याहून बऱ्याच जास्त दाबाने तोच वायू कोंडलेला असतो. तो पडदा फाटला की होज पाइप सापासारखे उड्या मारू लागतात. ब्रेकर उघडण्यापूर्वी डोक्यातला वायू सोडावा लागतो. तो न सोडता लांब बोल्ट सैल करणे म्हणजे आपल्या तोंडापुढे तोफ उघडणे.

शेडमध्ये गॅस कटिंगसाठी ऑक्सिजनही असतो. दोन्ही सिलिंडर सारखेच दिसतात, फरक रंगाचा. काळे अंग म्हणजे ऑक्सिजन; करडे अंग आणि काळी मान म्हणजे नायट्रोजन. रंग उडालेला असतो, वर काळपट तेलाचे हात लागलेले असतात. म्हणून आम्ही दोन्ही सिलिंडर शेडच्या दोन टोकांना साखळीने बांधून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी, एक ठेकेदार ब्रेकर घेऊन आला. गॅस उतरला होता. आमचा नायट्रोजन संपलेला, नवा सिलिंडर सोमवारी येणार. त्याचे पोकलेन तासाच्या भाड्यावर होते आणि रविवारी काम बंद ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. तो म्हणाला, "अहो मिस्त्री, तो दुसरा सिलिंडर भरलेला दिसतोय ना? गॅस तो गॅस. भरा आणि मोकळं करा मला." शेडमधला नवा मुलगा, जो दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसत असे, मदतीच्या उत्साहाने पाना घेऊन उठलासुद्धा. भाईजाननी त्याच्या हातातून पाना काढून घेतला आणि शांतपणे ठेकेदाराला सांगितले, "साहेब, आत तेल आहे. तेलाला दाबाखाली ऑक्सिजन मिळाला की पेट घ्यायला काडी लागत नाही. पहिल्याच ठोक्याला बॉम्ब होईल. केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरच्या घरी मग तुम्ही जाणार की मी?" ठेकेदार चिडला. आमच्याकडे त्याची बरीच उधारी होती, ती बुडवण्याची भाषा करून ब्रेकर उचलून घेऊन गेला. उधारी खरेच बुडाली. पुढे त्याने तो गॅस कुठे आणि कोणता भरला हे आम्हाला कळले नाही. त्या रात्री भाईजान जेवले नाहीत. दोन-तीनदा उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी दोन्ही सिलिंडरसमोर उभे करून धाकट्याने धडा घेतला. आग लागण्यासाठी काय काय लागते? हा प्रश्न त्याला शाळेतही विचारलेला होता, विज्ञानाच्या पुस्तकात तो आहेच, आणि त्याने परीक्षेत उत्तरही बरोबर लिहिले होते. पण पुस्तकातला ऑक्सिजन आणि काळ्या सिलिंडरमधला ऑक्सिजन एकच आहे, हे त्याला कोणी दाखवले नव्हते. आम्ही शिक्षक म्हणून बी.एड.ला जीवनाशी निगडित शिक्षणावर पानेच्या पाने लिहिली आहेत. तेव्हापासून आठवीच्या वर्गात हा पाठ आला की दोन्ही रंगांची चित्रे फळ्यावर काढली जातात. या वर्गातली पाच-सात मुले तरी उद्या कुठल्या ना कुठल्या गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात किंवा आखातातल्या साइटवर सिलिंडरशेजारी उभी राहणार आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे.

२०२१ च्या पुराबद्दल लिहायचे की नाही यावर आमच्यात मतभेद होता. भाईजान म्हणाले, सगळ्यांचेच गेले, आपले काय वेगळे सांगायचे? तरी थोडेसे सांगतो. २१ जुलैला बकरी ईद होती. रात्रभर पाऊस कोसळत होता. २२ तारखेच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी शहरात शिरले आणि सकाळपर्यंत घरांचे तळमजले दिसेनासे झाले. शेडचा पत्रा तेवढा वर होता. आत सहा ब्रेकर होते. एकही आमचा नव्हता.

पाणी उतरल्यावर चिखल गुडघाभर. लेथची मोटर, वेल्डिंग सेट, सील किटची खोकी, उधारीच्या वह्या, सगळे त्याच रंगाचे झाले होते. सिलिंडर साखळीला लटकून होते. सहापैकी चार ब्रेकरांच्या तेलाच्या तोंडांना टोप्या होत्या आणि त्यांचे पिस्टन आत ढकलून ठेवलेले होते. ठेवायचा ब्रेकर उभा ठेवावा आणि पिस्टन आत दाबून ठेवावा, म्हणजे त्याच्या उघड्या टोकाला गंज चढत नाही, हा भाईजानचा नेहमीचा शिरस्ता. उरलेले दोन दुरुस्तीसाठी उघडलेले होते, त्यांच्या पोटात वाशिष्ठीचा गाळ गेला होता.

वीज नव्हती, प्यायला पाणी नव्हते, घरात ईदचे गोश्त सडले होते ते पुरायचे होते. अशा वेळी भाईजाननी पहिल्या दिवशी त्या दोन ब्रेकरांचे पिस्टन बाहेर काढून डिझेलने धुतले, पुसले आणि वर जाड ग्रीसचा थर चढवला. शेजारी म्हणाले, आधी घर बघा. भाईजान म्हणाले, घर आपले आहे, ते आठ दिवस थांबेल. ही लोकांची अमानत आहे, आणि पोलादावर गंज दोन दिवसांत बसतो. घर अम्मी, आमच्या बायका आणि बाहेरगावाहून आलेल्या अनोळखी मुलांनी साफ केले. त्यातली काही मुले साताऱ्या-सांगलीची होती, फावडी घरून घेऊन आलेली. कोणी कोणाला नाव विचारले नाही. शेडमध्ये अकरा दिवस कंदिलाच्या आणि मोबाइलच्या उजेडात सहाही ब्रेकर उघडले गेले. दुधाळ झालेले तेल काढले, प्रत्येक छिद्र हवेने फुंकले, सील सरसकट बदलले. सुट्या भागांसाठी कोल्हापूरला जायचे तर घाटरस्त्यांवर दरडी. सहापैकी पाच यंत्रे पुन्हा कामाला गेली. सहाव्याच्या सिलिंडरला आतून खड्डे पडले होते, ते वाचले नाही. त्याच्या मालकाने नुकसानीबद्दल एक शब्द काढला नाही, उलट पुढचे काम आणून दिले. ज्याच्याकडून अपेक्षा असते तो पैसे बुडवतो, आणि ज्याला तोंड दाखवायला लाज वाटावी तो आपल्या पाठीवर हात ठेवतो. दुनिया अशीही आहे.

पुढच्या उन्हाळ्यात, २०२२ साली, परशुराम घाटात डोंगर कापण्याचे काम जोरात होते; त्यासाठी रोज दुपारी काही तास महामार्ग बंद ठेवत. त्या कामावरच्या काही यंत्रांच्या छिन्न्या आणि बुश आमच्याकडे येत. चारपैकी एक लांब बोल्ट तुटलेला ब्रेकर तसाच चालवून आणलेला असे. एक बोल्ट तुटला की त्याचा भार उरलेल्या तिघांवर येतो, मग दुसरा तुटतो. बदलायचे तर चारही बदलावेत आणि समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळत न्यावेत. मालक म्हणतो एकच टाका. आम्ही चारांचा भाव सांगतो, तो दोनावर येतो, आणि शेवटी भाईजान चार टाकून तीनचे पैसे घेतात. धाकट्याला हा हिशेब वहीत कसा लिहावा ते अजून जमलेले नाही.

शाळेतली पटसंख्या दरवर्षी थोडी कमी होते. ज्यांना जमते ते मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. उरलेल्यांपैकी काहींचे वडील दहावीच्या निकालानंतर आमच्याकडे येतात, शाळेत नव्हे, शेडमध्ये. "मास्तर, इसको हाथ का हुनर सिखाव, नोकरी का क्या भरोसा?" २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान स्वयंरोजगारात आणि कारागिरीत जास्त व पगारी नोकरीत कमी असल्याचे आकडे आहेत. ते आकडे आम्हाला रोज टोपी घालून भेटतात. भाईजानना माणूस हवा असतो. धाकट्याला मुलगा अकरावीत हवा असतो. यावरून आमच्यात वाद होतात आणि ते मिटलेले नाहीत. सध्या तोड अशी निघाली आहे की बारावी किंवा आयटीआय चालू असेल त्यालाच शेडमध्ये घ्यायचे, तेही दुपारनंतर, आणि त्याने आठवड्यातून एकदा इंग्रजी माहितीपुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायचे. भाईजानही ते ऐकत बसतात. पंचवीस वर्षे जे हाताने केले त्याला इंग्रजीत काय म्हणतात हे कळल्यावर त्यांना मौज वाटते.

ऐकत बसतात असे लिहिले खरे, पण त्यांना आता उजव्या कानाने ऐकू येत नाही. दुरुस्त झालेला ब्रेकर दगडावर चालवून, शेजारी उभे राहून, ठोक्यावरून दोष ओळखण्याची त्यांची सवय जुनी. कानात घालायच्या बुचांची अख्खी पेटी आणून ठेवली आहे. ते म्हणतात, बूच घातले तर ठोका कसा समजणार? जुम्याच्या खुत्ब्याला ते पहिल्या सफेत बसतात आणि डावा कान इमामसाहेबांकडे करतात. मुलांना मात्र बुचाशिवाय शेडबाहेर चाचणीला उभे राहू देत नाहीत. जो विसरेल त्याला त्या दिवशी चहा नाही.

पावसाळ्यात साइटी बंद असतात तेव्हा आमचा हंगाम असतो. या वर्षी नऊ ब्रेकर ओळीने उभे आहेत. तिघांचे बुश गेले आहेत. एकाचा खालचा बुश नव्वद अंशांत फिरवून अजून एक हंगाम काढता येईल असे भाईजानना वाटते, मालकाला नवाच हवा आहे. दोघांना डायफ्राम. एकाचे डोके उघडायचे आहे, वायू सोडून झाला आहे, तसे खडूने वर लिहून ठेवले आहे. तो मागच्या बाकावरचा मुलगा आता तेविसाव्या वर्षात आहे, गेज तोच लावतो. सील किट आले की सोमवारपासून जोडणीला हात घालायचा.